उजवीकडचं पान

ही गोष्ट २०१८ सालची. माणसाला वाळीत टाकणं हा गुन्हा ठरवणारा कायदा राज्यात लागू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आमच्या मंडळाला मात्र एकोणचाळीस वर्षं झाली होती आणि मला एकाहत्तर.

मंडळ भिमाजी सरांनी काढलं. ते शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. आणीबाणी उठल्यावर त्यांच्या मनात आलं की, आपण मुलांना हक्कांची यादी पाठ करायला लावतो, पण मोठी माणसं त्यावर एक तासही बोलत नाहीत. म्हणून १९७९ साली नाशिकच्या भद्रकालीतल्या एका बुक-बाइंडरच्या दुकानावरची खोली त्यांनी महिन्याच्या पहिल्या रविवारसाठी मागून घेतली. खळीचा वास, खाली कागद कापायच्या यंत्राची धपधप आणि वर उदारमतवाद. मी १९८१ साली तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा चाळीस माणसं होती, जिन्यावर चपला ठेवायला जागा नव्हती. राजाचा हात प्रजेच्या घरात कुठवर पोचावा, व्यापारावर बंधन घालायचा अधिकार सरकारला कुणी दिला, आधी समाज सुधारायचा की आधी राज्य मिळवायचं यावर पुण्यामुंबईची माणसं शंभर वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांतून कशी भांडली, हे सगळं मी त्या खोलीत ऐकलं. मखमलाबादच्या फुलमळ्यात वाढलेली मी. आमच्या घरी मत फक्त वडिलांना होतं, आणि ते गेल्यावर थोरल्या भावाला.

मी जिल्हा न्यायालयात लघुलेखिका होते. समोरचा बोलेल ते, तेवढंच आणि तसंच उतरवायचं, ही माझी नोकरी. सरांनी पहिल्याच महिन्यात मंडळाची वही माझ्या हातात दिली ती कायमची.

सरांची एक पद्धत होती. आपल्याकडच्या जुन्या वादसभांतून त्यांनी ती उचलली होती. विषयांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याला जी चिठ्ठी येईल त्याने, आपल्याला जे मत सगळ्यात नकोसं वाटतं, ते पुढच्या सभेत अगदी मनापासून मांडायचं. कुणी मध्ये बोलायचं नाही. हा पूर्वपक्ष. मग महिनाभर त्याच्यासोबत राहायचं आणि त्याच्या पुढच्या सभेत त्याच माणसाने स्वतःला उत्तर द्यायचं. वहीत डावीकडच्या पानावर पूर्वपक्ष, उजवीकडच्या पानावर उत्तर.

सुरुवातीला मी डाव्या पानाच्या डोक्यावर ‘पूर्वपक्ष’ असं लिहायचे. १९८४ साली सरांनी ते बंद केलं. म्हणाले, “तो शब्द दिसला की बोलणारा अंग चोरतो. हे माझं नव्हेच, असं म्हणून अर्धंमुर्धं बोलतो. नाव आणि तारीख लिहा, बाकी काही नको.” आम्हाला ते पटलं. सगळ्या जगाला हे ठाऊकच आहे, असं धरून आम्ही चाललो.

संघर्ष नावाचा मुलगा आमच्यात आला तेव्हा कॉलेजात होता. पुढे शिक्षक झाला. उपनगराकडच्या मैत्री कॉलनीत राहायचा. साठेक घरांची कॉलनी, बहुतेक बौद्ध कुटुंबं, कारकून, शिक्षक, एसटीतले. रविवारी दुपारी तो तिथल्या विहारात दहावीच्या मुलांचा वर्ग फुकट घ्यायचा. त्याची आई सुमनबाई त्या विहारात महिला मंडळाची प्रमुख. नवरा लवकर गेला, हिने दवाखान्यात आयाचं काम करून मुलाला शिकवलं. मुलगा तिथे बोलायला उभा राहिला की ही शेवटच्या रांगेत बसून त्याच्या बरोबरीने ओठ हलवायची. मी ते दोनदा पाहिलंय.

सुमनबाईंचे वडील धोंडीराम सटाण्याकडच्या एका खेड्यातले. १९६१ साली त्यांनी मेलेली ढोरं ओढायला नकार दिला. गावाने त्यांना अकरा महिने वाळीत टाकलं. विहीर बंद, गिरणी बंद, दुकान बंद, मजुरी बंद. सुमनबाई नऊ वर्षांच्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ तापाने फणफणला तेव्हा सटाण्याला न्यायला गावात कुणी बैलगाडी दिली नाही. आईने त्याला कडेवर घेऊन निम्मी वाट तोडली. पुढची निम्मी तोडायची गरज राहिली नाही. हे मला सुमनबाईंनीच सांगितलं होतं, वाटाणे सोलता सोलता.

एप्रिलच्या सभेत चिठ्ठ्या टाकल्या. आम्ही नऊ जण उरलो होतो. माझी चिठ्ठी मी उघडली. सरांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘समाजाला माणूस वाळीत टाकण्याचा अधिकार असावा.’ नवा कायदा आला होता, म्हणून सरांनी घातलेला विषय. मला उभं राहून बोलायला कधीच आवडलं नाही. मला लिहिता येतं, बोलता येत नाही. शेजारी संघर्ष बसला होता. त्याच्या चिठ्ठीवर कांद्याच्या निर्यातबंदीचा विषय होता.

मी हळूच म्हटलं, “संघर्ष, बदलतोस का रे? मला कांदा दे.”

त्याने माझी चिठ्ठी वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग हसला. “मावशी, मला वाळीत टाकायला निघालात की काय?”

“तू बोलशील चांगलं.”

“ते तर बोलेनच,” म्हणाला, आणि माझी चिठ्ठी खिशात घातली. कुणी पाहिलं नाही.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, सहा तारखेला, तो बोलला. सदतीस वर्षांत मी डावीकडचं इतकं पक्कं पान लिहिलं नाही. तो म्हणाला, “माझ्या आजोबांनी ढोरं ओढायला नकार दिला. तो त्यांचा हक्क होता. गिरणीवाल्याने त्यांचं दळण दळायला नकार दिला. मग तो त्याचा हक्क का नाही? एक नकार स्वातंत्र्य आणि दुसरा नकार गुन्हा, हे कुणी ठरवायचं? मला ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्याशी सरकार मला बोलायला लावणार असेल, तर उद्या ते मला ढोरंही ओढायला लावील. माझ्या आजोबांच्या गावाला तो अधिकार होता, असं मला म्हणावं लागतं.” सर डोळे मिटून ऐकत होते. खालचं यंत्रसुद्धा त्या दिवशी बंद होतं.

मी सगळं उतरवलं. वर नाव आणि तारीख.

दहा दिवसांनी ललित माझ्या घरी आला. हा मैत्री कॉलनीतला, कॉलनीच्या समितीचा सचिव. दुपारची वेळ होती. आमच्या वहीबद्दल ऐकलंय, पाहायला मिळेल का, म्हणाला. वही कुणालाही दाखवायची, असा आमचा नियमच होता. झाकून ठेवायला ती काही गुप्त संघटना नव्हती. मी चहा टाकला.

“मावशी, काय अक्षर आहे! छापल्यासारखं.”

“कोर्टातली सवय हो.”

“दोन-चार फोटो घेऊ का? पोरांना दाखवतो.”

मी पान नीट दिसावं म्हणून खिडकी उघडून दिली. हे मला विसरता येत नाही.

संध्याकाळपर्यंत ते पान कॉलनीतल्या प्रत्येक फोनवर पोचलं. ललितला मी वाईट म्हणणार नाही. त्याला ते पान खरंच खुपलं होतं. संघर्षशी त्याचं आधीपासून पटत नव्हतं, हेही खरं. दोन्ही एका माणसात मावतं.

दुसऱ्या दिवशी संघर्षचा फोन आला. “मावशी, आई जेवत नाहीये. तुम्ही येऊन सांगता का?”

मी पोचले तेव्हा विहाराच्या हॉलमध्ये समिती बसली होती. साठ-सत्तर माणसं, पुढे बायका. संघर्ष भिंतीला टेकून उभा, बाजूला त्याची बायको राखी. सुमनबाई पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीत. मी वही घेऊन गेले होते.

“जय भीम, ताई,” सुमनबाई म्हणाल्या. “बसा. पाणी द्या गं ताईंना.” मी पाणी पिईपर्यंत थांबल्या. मग विचारलं, “तुम्ही लिवलंय तेच बोलला का तो?”

“हो. पण ते...”

“शब्दाला शब्द?”

“हो.”

मग मी आमची पद्धत समजावून सांगितली. पूर्वपक्ष, उत्तर, डावं पान, उजवं पान. हे त्याचं मत नाही, उलट त्याला सगळ्यात नकोसं असलेलं मत आहे, म्हणूनच त्याने ते मांडलं. उजवीकडचं कोरं पान उघडून दाखवलं. मागून कुणीतरी हसलं. “म्हणजे आता लिहिणार का बाई, आम्ही ओरडल्यावर?”

सुमनबाई बराच वेळ त्या पानाकडे बघत होत्या. त्यांचं नाशिकचं बोलणं गळून पडलं आणि आतली बागलाणातली अहिराणी वर आली.

“मना बाप काय खेळणं शे का?” त्या म्हणाल्या. मग सावरून, सगळ्यांना कळेल असं बोलल्या. “त्याला खरंच तसं वाटत असतं ना ताई, तर मी त्याच्याशी भांडले असते. लेकरू वाट चुकलं म्हणले असते. पण वाटत नाय, अन तरी बोलला. माझा भाऊ वाटंवर मेला, ते ह्यानं बोलायच्या सरावाला घेतलं. अन किती चांगलं बोललाय बघा. मला सोताला वाचताना वाटलं, गिरणीवाल्याचं बरोबर व्हतं की काय.”

मी जे त्याच्या बचावासाठी नेलं होतं त्यानेच तो बुडाला.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. “इतकी माणसं हायत तुमच्यात. ही चिठ्ठी धोंडीरामच्या नातवाच्याच वाट्याला कशी आली? त्यानं मागून घेतली?”

खरं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. माझी होती, मी दिली, म्हातारीचा शब्द मोडवेना म्हणून त्याने घेतली. एवढं ऐकून कदाचित त्या माऊलीला मुलाकडे बघता आलं असतं. पण समोर ते सत्तर चेहरे. मी परक्या समाजातली, मळेवाल्याची मुलगी, आणि त्या पोरावर हा विषय ढकलणारी मीच. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या साक्षी लिहिल्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “नशिबानं.”

संघर्षने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

ललित उठला. “आपण ठराव करणार नाही,” तो शांतपणे म्हणाला. “ठराव केला तर कायदा आहे. ज्याला संघर्ष सरांशी बोलायचं त्याने बोलावं. ज्याला नाही त्याने बोलू नये. सरांनीच लिहून दिलंय ना, नकार ज्याचा त्याचा.”

बाहेर चपला शोधताना मी संघर्षला म्हटलं, “मी परत आत जाते. सांगते.”

“राहू द्या मावशी,” तो म्हणाला. “आता सांगितलंत तर म्हणतील, मी पढवलं. तुम्हाला तरी कशाला त्यात?”

सुमनबाई त्याच दिवशी कपड्यांची पिशवी घेऊन धाकट्या बहिणीकडे, धोंडाबाईंकडे, राहायला गेल्या. दोन गल्ल्या पलीकडे. विहारातला दहावीचा वर्ग पुढच्या रविवारी भरला नाही. शेजारची बाई राखीच्या दारातून रोज कढीपत्ता न्यायची, ती बाजारातून आणू लागली. संघर्ष दुकानात शिरला की गप्पा थांबायच्या, आणि तो बाहेर पडला की पुन्हा सुरू व्हायच्या. शिवी नाही, दगड नाही, तक्रार करावी असं काहीच नाही.

सर तेव्हा ब्याऐंशीचे होते. ते पेटून उठले. “कायदा तुझ्याचसाठी आहे. अर्ज कर!”

“कुणाविरुद्ध करू, सर? पहिलं नाव आईचं घालू?”

“मग तातडीने सभा घेऊ. तू उत्तर दे, ते पान मी स्वतः कॉलनीत वाटतो.”

“उत्तर तयार आहे,” संघर्ष म्हणाला. “आजोबांच्या नकाराने गावाचं एक ढोर दोन दिवस सडलं. गावाच्या नकाराने आजोबांना पाणी उरलं नाही. एकट्याचा नकार आणि सगळ्यांनी मिळून केलेला नकार, ही एकच गोष्ट नव्हे. एकाला दुसरी विहीर उरते तोवर ते स्वातंत्र्य. एकही उरत नाही तेव्हा ती शिक्षा असते, खटल्याविना दिलेली. मला हे त्या दिवशी बोलतानाही माहीत होतं. पण आज म्हटलं तर घाबरून म्हटल्यासारखं होईल. घाबरून दिलेल्या मताची किंमत काय, हे तुम्हीच शिकवलंत ना?”

मग मी म्हटलं, डाव्या पानाच्या डोक्यावर निदान ‘पूर्वपक्ष’ तरी लिहू या. सर माझ्यावरच उखडले. “वहीत मागून काही घालायचं नाही! मग ती वही राहत नाही.” तिघेही तत्त्वाला धरून होतो. मी तर फक्त त्यांच्यासमोर; चिठ्ठीचं मी अजून लपवूनच होते.

जूनच्या तीन तारखेला तो सभेला आला. त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, “मला बोलायचं नाही.” न बोलण्याचा हक्कही आम्ही मानत होतो. मी उजवीकडचं पान कोरं सोडलं.

दिवाळीनंतर सुमनबाईंची छाती भरू लागली. फुप्फुसात पाणी झालं. जानेवारीत त्यांना दवाखान्यात ठेवल्याचं मला राखीकडून कळलं. संघर्ष रोज शाळा सुटली की जायचा आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायचा. तो आत आला की त्या भिंतीकडे तोंड करायच्या.

मी ठरवून गेले. सांगायचंच. रिक्षात वाक्यसुद्धा तयार केलं होतं. नाकात नळी, हात सुजलेला. मला पाहून त्या हसल्या. मी खुर्ची ओढली, तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

“ताई, तुमचा काय दोष नाय हां. तुम्ही तर नुसतं लिवलं.”

मी ते वाक्य गिळलं. त्यांना संत्रं सोलून दिलं. त्यांनी दोन फोडी खाल्ल्या. बाहेर येताना बाकावर संघर्ष होता. त्याने विचारलं, “काही बोलली का?” मी म्हटलं, “थकल्यात.”

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या गेल्या. अग्नी बहिणीच्या मुलाने द्यावा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. संघर्ष अमरधामात शेडच्या खांबापाशी उभा राहिला.

त्यांच्या स्मरणाचा जलदान विधी विहारातच झाला. वंदना झाली, मग एकेकाने उठून आठवणी सांगितल्या. कुणी दवाखान्यातल्या, कुणी महिला मंडळाच्या. शेवटी संघर्ष पुढे गेला. ललितने माइक त्याच्या हातात दिला, हे सांगायला हवं. अडवलं नाही. संघर्षने “माझी आई” एवढंच म्हटलं आणि पहिली रांग उठली. मग दुसरी. भांडण नाही, आवाज नाही. बायकांनी पदर सावरले, पुरुषांनी खुर्च्या नीट लावल्या आणि एकेक जण बाहेर गेला. धोंडाबाई दारात घुटमळल्या, त्यांना कुणीतरी हाताला धरून नेलं. राखी आणि मी उरलो. आमच्या मंडळाच्या खोलीत बोलणाऱ्याला कधी कुणी अडवलं नव्हतं. इथेही नव्हतं अडवलं.

माझा हात पिशवीत गेला. वही होती, पेन होतं. सदतीस वर्षांची सवय.

संघर्षने माइक खाली ठेवला. “लिहू नका, मावशी,” तो म्हणाला.

मग तो पंधरा-वीस मिनिटं बोलला. धोंडीरामांविषयी, त्या बैलगाडीविषयी, आणि शेवटच्या रांगेत बसून ओठ हलवणाऱ्या एका बाईविषयी. चिठ्ठीचं तो काही बोलला नाही. मी पेन बंद करून ऐकत होते. तो काय बोलला ते मला अजून शब्दाला शब्द येतं, पण लिहू नका म्हणाला, म्हणून लिहीत नाही.

त्याच उन्हाळ्यात संघर्ष आणि राखी मनमाडला गेले. राखीला रेल्वेत नोकरी होती, तिने बदली मागून घेतली. तो तिथल्या एका शाळेत गणित शिकवतो. नागरिकशास्त्र घ्या म्हटलं तर नाही म्हणतो. दिवाळीला फोन करतो, तब्येत विचारतो. भिमाजी सर २०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. आम्हा कुणालाच जाता आलं नाही. त्यांच्यानंतर मंडळ भरलं नाही. बुक-बाइंडरच्या नातवाने ती खोली मोबाइलची कव्हरं ठेवायला घेतली. ललित महापालिकेला उभा राहणार होता, पण निवडणुकाच लांबत गेल्या. मध्ये शालिमार चौकात भेटला तेव्हा वाकून नमस्कार केला आणि संघर्ष सर कसे आहेत, असं विचारलं. मनापासून विचारलं असं मला वाटलं. धोंडाबाई मैत्री कॉलनीतच आहेत. बहिणीची ती कपड्यांची पिशवी त्यांनी अजून रिकामी केलेली नाही, असं राखी सांगत होती.

मी आता सत्त्याहत्तरची आहे. वह्या माझ्या कपाटात आहेत, एकूण बावीस. शेवटून दुसऱ्या वहीत सहा मेचं पान डावीकडे आहे आणि त्याच्यासमोरचं कोरं आहे. मागून काही घालायचं नाही, हा सरांचा नियम मी पाळते. चिठ्ठी माझी होती, हे म्हणून इथे लिहिलं.